पिवळी रेघ

पुढच्या ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चाकाच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटा घेणारा धातूचा ठोकळा, चाक धरून ठेवणाऱ्या नळीला, फोर्कला, दोन बोल्टांनी धरलेला असतो. ते दोन बोल्ट आपण घट्ट केलेच नाहीत, हे रितेशच्या ध्यानात आलं तेव्हा सोमवार होता, तो रोह्याला कंपनीत होता आणि ती गाडी घेऊन त्याची बायको नूतन डोंगरावर गेली होती.

काम आदल्या दिवशी झालं होतं. खरं तर ते कितीतरी आधी व्हायला हवं होतं. डाव्या फोर्कमधून तेल गळतंय, हे नूतनने सांगितलं तेव्हा शिमगा व्हायचा होता. रितेश म्हणाला, रविवारी बघतो. शिमगा झाला, पाडवा झाला, दर रविवारी काही ना काही निघत राहिलं.

गाडी म्हणजे डर्ट बाईक, उंच, हलकी, जाड खाचांच्या टायरची. रितेशने ती जुनी घेतली होती हौसेसाठी, पण वर्षभरात तिचा ताबा नूतनकडे गेला. नूतन नर्स होती. गागोदे बुद्रुकच्या वरच्या अंगाला कातकऱ्यांची एक वाडी आहे. तिथली वाट दगडगोट्यांची, एका बाजूला दरी. नूतनची स्कूटर त्या चढावर मागे घसरली, त्यानंतर तिने बाईकची चावी मागितली. लसींची निळी पेटी मागे बांधून ती वर जायची. वाडीतली पोरं गाडीचा आवाज ऐकूनच पळायची, सुई आली म्हणून.

रविवारी दुपारी पेणच्या रामवाडीतल्या घरापुढे रितेशने गाडी उघडली. ती उचलून धरायला स्टँड नव्हता. त्याचे वडील महिपती गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचे. त्यांनी मूर्ती ठेवायचा लाकडी चौरंग घरातून आणला आणि इंजिनखाली सरकवला. पुढचं चाक अधांतरी झालं.

"चौरंगावर बसवलीत," नूतन दारातून म्हणाली. "आता दीड दिवसाची की पाच दिवसांची?"

"तू चालवतेस, तर दीड दिवस तरी टिकू दे."

"दुरुस्तीला लावलेत तेवढ्या दिवसांत गणपती येऊन गेले असते."

महिपती हसले. रितेश हसला नाही. तो चाक काढत होता.

दोन्ही फोर्क त्याने खाली ओढून घेतले, टोपणं उघडली आणि जुनं तेल घमेल्यात उपडं केलं. राखाडी, पातळ झालेलं तेल, सुकटीसारख्या वासाचं. महिपतींनी नाकाला पंचा लावला. फोर्कच्या आतल्या नळीला बाहेरच्या नळीतून हिसके देत रितेशने तेल अडवणारं सील उपसून काढलं. रबराची कड एका जागी फाटली होती, त्यात वाळूचे कण रुतले होते. नवीन सील नळीच्या तोंडावरून सरकवताना फाटू नये म्हणून त्याने तोंडाला पिशवीचं प्लास्टिक गुंडाळलं, जुनं सील वर ठेवलं आणि पाण्याच्या पाइपाच्या तुकड्याने ठोकत नवीन सील जागेवर बसवलं. तेलाची पातळी दोन्हीकडे सारखी हवी. नूतनने बिनसुईची मोठी सिरिंज आणून दिली. रितेशने तिला बारीक नळी जोडली आणि जास्तीचं तेल ओढून घेतलं.

"ही सिरिंज आता घरात आणायची नाय," ती म्हणाली.

फोर्क परत हँडलखालच्या क्लॅम्पमध्ये गेले. रितेशने टॉर्क पान्याने बोल्ट ठरल्या जोराने आवळले, खिशातून कंपनीतला पिवळा मार्कर काढला आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर येईल अशी एक रेघ मारली.

"ही काय नक्षी?" महिपतींनी विचारलं.

"कंपनीचा नियम हाय. बोल्ट घट्ट केला की रेघ मारायची. बोल्ट हलला तर रेघ मोडते, लांबून दिसतं. आणि रेघ असली की परत त्याला कोणी पाना लावायचा नाय."

"म्हणजे डोळे आखल्यासारखं. आमच्यात एकदा डोळे आखले की मूर्तीला कोणी हात लावत नाय. काम संपलं."

"तसंच."

महिपती वाकून रेघ बघत राहिले. "पण रेघ काय रे ही? गांडूळ चाललंय."

"पानेवाल्याचा हात हाय, बाबा. तुझ्यासारखा ब्रशवाल्याचा नाय."

चाक बसलं. कॅलिपर डिस्कवर आला. त्याचे दोन बोल्ट रितेशने बोटांनी फिरवून नुसते लावून ठेवले. गाडी चौरंगावरून खाली घेतली, हँडल धरून पुढचा भाग चारसहा वेळा जोराने दाबला, फोर्क सरळ बसले याची खात्री केली, मग चाकाचा आस आवळला. रेघ मारली. राहिला कॅलिपर. हात तेलाने भरलेले होते. ब्रेकला तेलकट हात लावायचा नसतो. मार्कर चौरंगावर ठेवून तो मोरीकडे हात धुवायला गेला.

तेवढ्यात फोन वाजला. त्याचा सुपरवायझर कमळाकर होता. उद्या फर्स्ट शिफ्टला माणूस कमी आहे, पहाटेची बस पकड. मग पंप, मग कोणाची रजा, मग साहेब काय म्हणाले. रितेश ओले हात झटकत ऐकत राहिला.

तो अंगणात परत आला तेव्हा महिपतींनी पाने पेटीत भरले होते, सांडलेल्या तेलावर भुसा टाकून अंगण झाडलं होतं. दिवस कलला होता. रितेशने मोबाइलचा टॉर्च लावला आणि कंपनीत करतो तसं वरपासून खालपर्यंत तपासलं. प्रत्येक बोल्टवर पिवळी रेघ होती. कॅलिपरच्या दोन्ही बोल्टांवर होती. त्याने टॉर्च बंद केला आणि नूतनला सांगितलं, गाडी तयार आहे.

सोमवारी तो आणि त्याचा जोडीदार गोरख पंपाच्या एका पाइपलाइनचा जोड उघडून बसले होते. आतलं गास्केट, गळती रोखणारी चकती, बदलायचं होतं. शेजारच्या जोडावर मागच्या महिन्याच्या पिवळ्या रेघा होत्या. गोरखने त्यांच्यावर बोट फिरवलं.

"ही लाइन तू केलेली, काय रे?"

"कशावरून?"

"रेघ बघ की. सापाचं पिल्लू. अख्ख्या प्लँटमध्ये अशी कोणाची नाय."

रितेश हसला. काल बाबा गांडूळ म्हणाले होते. ते त्याला आठवलं, आणि त्याच्याच मागोमाग टॉर्चच्या उजेडात दिसलेले दोन बोल्ट आठवले. त्यांच्यावरची रेघ वाकडी नव्हती. केसासारखी बारीक, दोरी धरल्यासारखी सरळ. मूर्तीच्या पापणीची असते तशी.

त्याच्या हातातला पाना तसाच राहिला. त्याने रविवार परत पहिल्यापासून उलगडला. क्लॅम्प, आस, मग मोरी. मोरीनंतर त्याने पाना हातात घेतल्याचं कुठेच आठवेना. घेतलाच नव्हता. पाने पेटीत होते.

"काय झालं?" गोरखने विचारलं.

"नूतनचा ब्रेक सुटणार हाय," रितेश म्हणाला.

पुढे काय होतं ते त्याला माहीत होतं, म्हणून भीती जास्त होती. हाताने लावलेला बोल्ट डांबरी रस्त्यावर एखादा दिवस टिकेल. दगडांच्या वाटेवर तो फिरत फिरत बाहेर येतो. एक निघाला तरी कॅलिपर दुसऱ्यावर लोंबकळतो. तेव्हा ब्रेक दाबला की डिस्क त्याला ओढून चाकात नेते, तो आऱ्यांमध्ये अडकतो आणि चाक जागच्या जागी थांबतं. चाक थांबलं तरी गाडी थांबत नाही. उतारावर तर नाहीच. आणि वाटेच्या एका अंगाला दरी.

फोन गेटवर जमा होता. प्लँटमध्ये न्यायला परवानगी नाही.

"तू जा," गोरख म्हणाला. "मी लावतो हे."

पण जोड उघडा होता, कामाच्या पाटीवर रितेशचं नाव होतं आणि अशा जोडाचे बोल्ट एकाने धरून दुसऱ्याने आवळायचे असतात. उघडी लाइन टाकून निघता येत नाही. त्याने गास्केट बसवलं. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळायचे, घाई केली तर जोड तिरका बसतो. पाना दोनदा सटकला, बोटाचं सालपट निघालं. शेवटचा बोल्ट आवळून झाल्यावर गोरखने मार्कर पुढे केला. रितेशने तो घेतला नाही.

"गाडीची चावी दे तुझी," तो म्हणाला.

कमळाकरने काय झालं ते ऐकलं आणि गेटपास फाडून दिला. एरवी फोनवर अर्धा तास खाणारा माणूस एवढंच म्हणाला, "सावकाश जा. तू पडू नको."

गेटवर फोन हातात आला. नूतनचा फोन कव्हरेजच्या बाहेर होता. वाडीत तसा तो नेहमीच असे. ज्याच्या अंगणात लसीकरण व्हायचं त्या मंगळ्याच्या फोनला कधीकधी रेंज असे, पण त्याचा नंबर नूतनच्या फोनमध्येच होता. रितेशने वडिलांना लावला.

"बाबा, ब्रेकच्या बोल्टांवर रेघा तू मारल्यास?"

"व्हय. खालच्या दोन राहिल्या होत्या तुझ्या." महिपतींचा आवाज सहज होता. कारखान्यातून मशीनचा घरघराट येत होता. "का रे?"

"पाना लावलेला तू?"

"पाना मी कशाला लावू? पाना तुझा. तू पाने लावून गेलास, रेघा तेवढ्या राहिल्या असं मला वाटलं." कारखान्यात असंच चालतं. रंगारी रंगाचं काम करून उठतो, मागून आखणीवाला येतो आणि राहिलेले डोळे पुरे करतो. कोणी कोणाला विचारत नाही. "रितेश. तू पाना लावला नव्हतास?"

"नाय."

मशीनचा आवाज मागे पडला, महिपती कारखान्याबाहेर आले होते.

"ती डोंगरावर गेलीय," महिपती म्हणाले.

"म्हायत हाय. बारा नंबरचा पाना घे घरातून आणि मिनीडोर रिक्षा पकडून वाटेच्या तोंडाशी जा. मी निघालोय."

गोरखच्या गाडीवरून तो नागोठण्याकडे सुटला. हायवेचं काम कुठे झालेलं, कुठे उकरून ठेवलेलं. डंपरमागे धूळ. प्रत्येक खड्ड्यात त्याच्या गाडीचं पुढचं चाक आपटलं की त्याला ते दुसरं चाक दिसायचं. आटा एक एक करून सुटताना दिसायचा. त्याने स्वतःला बजावलं की ती सकाळी चढून गेली आहे, चढावर ब्रेक लागत नाही, म्हणजे आत्तापर्यंत काही झालेलं नसणार. मग लक्षात आलं की याचा अर्थ एवढाच, की जे व्हायचं ते उतरताना होणार.

वडखळच्या अलीकडे फोन वाजला. त्याने गाडी कडेला घेतली.

"मी फाटकाशी हाय," महिपती म्हणाले. त्यांना धाप लागली होती. गुरं शेतात येऊ नयेत म्हणून डोंगराच्या पायथ्याला वाटेवर काट्यांचं फाटक लावलेलं असतं. तिथपर्यंत फोनला रेंज असते. "गाडीचा आवाज येतोय. वरच्या वळणाशी असेल. मी पुढं जाऊन हात करतो तिला."

"नको." रितेशच्या तोंडून ते विचार करायच्या आधी निघालं. "हात करू नको, बाबा. तू तिथं उभा दिसलास तर तिला वाटेल घरी काय झालं. दचकेल आणि ब्रेक दाबेल. तोच दाबायला नको."

"मग करू काय मी?"

वर नूतन होती, खाली तिला थांबवायला आलेला माणूस, आणि थांबवणं हेच धोक्याचं.

"फाटक लावलेलं हाय?"

"हाय."

"मग तू लप."

"काय?"

"झाडामागं हो. तिला दिसू नको. फाटकाच्या आधी बारका चढ हाय, गाडी आपसूक हळू होते. फाटक उघडायला ती थांबतेच. थांबून पाय टेकेपर्यंत पुढं येऊ नको."

पाचोळ्यावरून चपला ओढत गेल्याचा आवाज आला, मग त्यांचा श्वास. चौसष्ट वर्षांचा माणूस सुनेपासून लपून उभा होता.

मग रितेशलाही इंजिन ऐकू आलं. शेजारून ट्रेलर जात होते, त्याने दुसरा कान तळहाताने दाबून धरला. पहिल्या गिअरचा जाड आवाज, मध्येच दगडावरून उडाल्यासारखा तुटणारा. तो मोठा होत गेला.

"दिसली," महिपती कुजबुजले.

"चाक बघ. पुढचं."

"धूळ हाय." थोड्या वेळाने, "कायतरी हलतंय खाली. एका अंगाला कललंय."

"पुढं जाऊ नको."

"नाय जात. रितेश, ती शेवटच्या वळणावर आली."

इंजिन वाढलं, फोन भरून गेला, मग एकदम उतरलं आणि थांबलं. क्षणभर काहीच नाही. मग धातूवर धातू आपटल्याचा खणखणीत आवाज आला. महिपती ओरडले, "नूतन", आणि फोन कुठेतरी पडला. खरखर झाली. कॉल तुटला.

त्याने परत लावला. वाजत राहिला. परत लावला.

वडखळ ते पेण त्याने कसं कापलं ते त्याला नंतर सांगता आलं नाही. रामवाडीचा फाटा मागे गेला, पेण गेलं. गागोद्याच्या रस्त्यावर समोरून एक रुग्णवाहिका आली आणि त्याचा हात ब्रेकवर गेला. ती शांत होती, दिवा लावलेला नव्हता. रिकामी असेल. तिच्यात कोणी असेल. ती मागे गेली तरी तो आरशात तिच्याकडे बघत होता.

वाटेच्या तोंडाशी त्याने गाडी टाकली आणि धावत सुटला.

नूतन फाटकाजवळच्या दगडावर बसली होती. लसींची निळी पेटी मांडीवर होती. बाईक साइड स्टँडवर उभी होती. महिपती तिच्या पुढच्या चाकासमोर उकिडवे बसले होते, त्यांची पाठ हलत होती. ते रडत आहेत की धापा टाकत आहेत, ते कळत नव्हतं.

रितेश नूतनसमोर जाऊन उभा राहिला. तिने वर बघितलं.

"पाणी हाय काय तुमच्याकडं?" ती म्हणाली. "बाबांना द्या आधी."

पाणी नव्हतं. तो खाली बसला.

कॅलिपर फोर्कवरून सुटून डिस्कवर नुसता लोंबत होता, त्याचं एक टोक आऱ्यांना टेकलं होतं. वरचा बोल्ट डोंगरात कुठेतरी पडला होता. खालचा शेवटच्या आट्यावर आला होता. नूतनने पाय टेकून गाडी साइड स्टँडवर कलंडवली तेव्हा तो निघाला आणि कॅलिपर आऱ्यांवर आपटला. फोनमध्ये रितेशने ऐकलं ते तेच. ते बघून महिपती झाडामागून धावले, फोन पाचोळ्यात पडला.

तो खालचा बोल्ट आता महिपतींच्या तळहातावर होता. बोल्टच्या डोक्यावर अर्धी रेघ होती, केसासारखी बारीक. उरलेली अर्धी फोर्कवर होती.

"उतारावर ब्रेक दाबलास तू?" रितेशने विचारलं.

"पुढचा? नाय."

"कसा नाय?"

"मी तो धरतच नाय." ती अगदी सावकाश बोलत होती. "शिमग्याच्या आधीपासून फोर्कचं तेल डिस्कवर यायचं, तो सटकत होता. तुम्ही रविवारी बघतो म्हणत होतात. मग मी तो सोडूनच दिला. मागचा ब्रेक आणि पहिला गिअर. आता हात जातच नाय तिकडं. सांगितल्याबरोबर दुरुस्त केला असतात, तर आज धरला असता. वरच्या वळणावर."

वरचं वळण तिथून दिसत होतं. तिघांनीही तिकडे बघितलं नाही.

"बोल्टवर रेघ होती," नूतन म्हणाली. "सकाळी मी बघितली. रेघ असली की घट्ट, असं तुम्हीच सांगितलेलं. मग सुटला कसा?"

"मी पाना लावला नाय," रितेश म्हणाला. "रेघ बघून सोडून दिला."

"रेघ माझी," महिपती म्हणाले. "राहिली असं वाटलं मला." त्यांनी बोल्टच्या डोक्यावरची रेघ अंगठ्याच्या नखाने खरवडली. रंग सुकला होता. ते खरवडत राहिले.

नूतनने पेटी दगडावर ठेवली, बॅगेतून बँडेजचा गुंडाळा काढला आणि रितेशकडे दिला. त्याने कॅलिपर डिस्कवरून सोडवला आणि चाकाला लागणार नाही असा फोर्कला बांधून टाकला. गाडी डांबरापर्यंत हाताने ढकलत न्यायची, पुढे टेम्पोत घालायची, असं ठरलं. रितेशने हँडल धरलं.

"थांबा," नूतन म्हणाली. "बाबा, तो पाना द्या."

महिपतींनी खिशातला पाना काढून दिला. ती चाकापुढे उकिडवी बसली आणि वरच्या क्लॅम्पपासून सुरुवात केली. ज्याला ज्याला रेघ होती त्या प्रत्येक बोल्टला, जिथे तो पाना बसत होता तिथे, तिने लावून बघितला. पहिला हलला नाही. दुसरा हलला नाही. पाना बोल्टच्या डोक्यावर वाजत होता, आणि ती पुढच्या बोल्टकडे सरकली.